कालावधी दिलेला नाही

लांजेवार सर गेले ते डायलिसिसच्या दिवशी, गाडी दारात उभी असताना. मी त्या वेळी महाविद्यालयात परीक्षा शुल्काच्या पावत्या आणि बँकेतला भरणा जुळवत बसलो होतो. शोभावहिनींचा फोन आला. त्या मला कामाच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, म्हणून हातातली पावती न ठेवताच मी तो घेतला. "भाऊ, हे गेले," एवढं बोलून त्या थांबल्या. मागे कोणाचा तरी, बहुतेक गाडीवाल्याचा, आवाज येत होता... मग म्हणाल्या, "चप्पल घालून खुर्चीवर बसले होते. मी पान्याची बाटली आनाले आत गेली, आन् आली त... प्रणालीले तुमी सांगता काय? माझ्यानं नाही होत."

प्रणाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला एका वित्त कंपनीत छोट्या व्यावसायिकांचे कर्जाचे प्रस्ताव तपासते. मी व्हरांड्यात जाऊन तिला फोन लावला. असा फोन कसा सुरू करतात ते मला येत नाही, म्हणून सरळ सांगितलं. तिने विचारलं, "काका, आईजवळ कोण आहे?" मी म्हटलं, शेजारच्या बाया आहेत, मीही निघतोच आहे. "मी नागपूरचं विमान बघते," ती म्हणाली. फोन ठेवण्याआधी तिच्या तोंडून आणखी एक वाक्य निघालं, ते मला उद्देशून होतं असं वाटत नाही. "पाठवलंच शेवटी त्यांनी मला."

ते खरं होतं. काही आठवड्यांपूर्वीच सरांनी तिला, तिची अजिबात इच्छा नसताना, पुण्याला परत पाठवलं होतं. नोकरी सोडून बापाजवळ राहावं असं तिचं म्हणणं होतं, आणि ते सरांनी मोडून काढलं. तेरवीला आलेल्या लोकांत हाच विषय होता. एक जण मला जेवणाच्या पंगतीत म्हणाला, "एवढा शिकलेला मानूस, आन् आखरीच्या वक्ताले पोरीले दूर धाडलं. कायचं शिक्षण?" मी त्याला तिथं उत्तर दिलं नाही. पण तो निर्णय कसा झाला हे त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. त्यातलं काही मी समोर बसून पाहिलं, काही भिंतीआडून ऐकलं. ते नीट क्रमाने सांगावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

सर ज्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवत, तिथे मी लेखापाल आहे. आमच्या कार्यालयाला जागा कमी पडली तेव्हा शेवटच्या वर्गखोलीचा एक तुकडा प्लायवूडची भिंत घालून आम्हाला देण्यात आला. त्या भिंतीला लागून माझं टेबल, आणि भिंतीपलीकडे सरांचा फळा. त्यामुळे बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा गुंतवणूक विश्लेषणाचा पेपर मी परीक्षा न देता कितीदा तरी पूर्ण ऐकलेला आहे. सुरुवातीला त्रास व्हायचा, बेरीज चुकायची. पुढे सवय झाली. सर रजेवर असले की उलट काम होईना.

सर मूळचे आंधळगावचे. अंगाने बारीक, आवाज मात्र दणदणीत. विद्यार्थ्यांची स्तुती करणं त्यांना जमत नसे. फार आवडलं तर "चालते" म्हणत. पेपर तपासणीची बिलं वेळेवर देत नसत, त्यावरून आमची दरवर्षी एकदा तरी बाचाबाची होई. दुसऱ्याच्या रुपयाला जपणारा हा माणूस स्वतःच्या बिलाबाबत इतका ढिला का, हे मला कधी कळलं नाही. गावातले लोक त्यांना विचारायला येत, सर, पैसे कशात टाकू? त्यांनी कोणाला कधी एका कंपनीचं नाव सांगितलं नाही. स्वतःची शिल्लक पोस्टात ठेवली. स्टाफरूममध्ये त्यावरून चिडवलं जाई, की शिकवता शेअर आणि ठेवता पोस्टात. त्यावर ते म्हणत, "पोहणं शिकवतो म्हणून काय तलावातच मुक्काम करू?"

वर्षाचा पहिला तास ठरलेला असे. गुंतवणूक म्हणजे काय, असं विचारलं की कोणी सोनं म्हणे, कोणी हायवेला लागून प्लॉट, अलीकडे तर पोरं मोबाइलमधल्या अ‍ॅपची नावं घेत. सर ते खोडून काढत नसत. ते विचारत, "तुमच्याकडे धान कापल्यावर पुंजणा किती दिवस ठेवतात?" कापलेल्या धानाचे भारे रचून शेतात जो ढीग लावतात त्याला आमच्याकडे पुंजणा म्हणतात. पुष्कळ घरी तो लगेच चुरत नाहीत, म्हणजे मळणी करत नाहीत. दोन-दोन महिने उभा ठेवतात. "काहून ठेवता? चुरून विकून मोकळे काहून होत नाही?" मग उत्तरं येऊ लागत. भाव वाढेल म्हणून. मजूर मिळत नाही म्हणून. बहिणीचं लग्न फाल्गुनात आहे म्हणून. एकदा मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "सर, धान घरात आलं का मामा पन येते." वर्ग हसला. सर म्हणाले, "बरोबर आहे. हातात पैसा खुळखुळला की पाहुणे वाढतात. म्हणून तो अडकवून ठेवायचा. पुढे बोल." मग पुंजण्याला आग लागू शकते, उंदीर लागतात, अवकाळी पाऊस येतो, एकदम पैसा हवा असला तर चुरणीचं यंत्र त्याच दिवशी मिळत नाही. तास संपेपर्यंत परतावा, जोखीम, रोखता असे सगळे शब्द फळ्यावर आलेले असत आणि पुस्तक कोणी उघडलेलं नसे.

पण या सगळ्याच्या वर ते एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढत... कालावधी. लग्न फाल्गुनात असेल तर पुंजणा माघात चुरावा लागतो, मग भाव काही असो. म्हणून पैसा लागणार कधी हे आधी लिहायचं, आणि मग बाकीचं गणित. ज्या उत्तराच्या पहिल्या ओळीत कालावधी लिहिलेला नसे, ते उत्तर सर वाचतच नसत, वही परत देत. सल्ला विचारायला आलेल्या लोकांनाही हाच प्रश्न. मी स्वतः एकदा मुलाच्या शिक्षणासाठी ठेव कशात ठेवावी विचारायला गेलो होतो, तर मला म्हणाले, "भाऊ, तो कितवीत आहे?" मी सांगितलं. "मग तुम्हाला उत्तर माहीत आहे." खरं म्हणजे माहीत होतंच.

त्यांचं दुसरं भांडण एका शब्दाशी होतं. दिवाळीच्या सुटीत ते पोरांना घरच्या एका एकराचा जमाखर्च लिहून आणायला सांगत. सगळ्या वह्यांत नफा असे. बियाणं, घरचं. शेणखत, घरचं. मजुरी, घरची. आणि "घरचं" लिहिलं की पुढचा रकाना रिकामा. आमच्या भागात घरचं म्हणजे ज्याला पैसे पडत नाहीत ते, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. सर ती वही वर धरून विचारत, "घरचं म्हणजे किती?" मग ज्याची वही त्याला म्हणत, "तुझी माय रोवणीचे दिवस तुमच्याच धानाच्या बांधीत वाकली. त्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत गेली असती तर मजुरी आली असती ना? ती सोडली. सोडली ती तिची किंमत. लिही." पोरं कुरकुरत घरी जात आणि किंमत टाकून आणत. नफ्याचे तोटे होत. अड्याळचा एक मुलगा म्हणाला होता, "सर, आमी त नफ्यात होतो. तुमीच आमाले तोट्यात घातलं."

एकदा कोंढ्याकडचे एक गृहस्थ सरळ कार्यालयात येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "इथं लांजेवार सर कोनता? पोट्टा मले मजुरी मागून राहिला." मी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "काका, मजुरी द्या असं नाही म्हटलं मी. लिहा म्हटलं." ते म्हणाले, "लिवलं म्हंजे कधी ना कधी मागन ना?" सरांना हसू आवरेना. त्यांनी काकांना चहा पाजला. नंतर मला म्हणाले, "तो माणूस बरोबर बोलला, भाऊ. लोक लिहीत नाहीत ते यासाठीच. लिहिलं की द्यावं लागते."

प्रणालीही याच वर्गातून शिकली. सरांनी अंतर्गत परीक्षेत तिचे गुण कापले होते, कारण एका उदाहरणात घरची जागा म्हणून तिने भाडं धरलं नव्हतं. ती घरी दोन दिवस बापाशी बोलली नाही, असं वहिनी सांगत. पुढे पुण्यात ती याच कामावर लागली, तेव्हा सरांनी पेढे वाटले नाहीत, पण आठवडाभर भिंतीपलीकडचा आवाज जरा चढा होता.

मग सरांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातले ठराविक दिवस भंडाऱ्याला जाऊन डायलिसिस. उरलेल्या दिवशी ते तास घेत, खुर्चीवर बसून. फळ्यावर एखादा विद्यार्थी लिही. प्रणाली सुटी काढून आली ती राहिलीच. कंपनीने काही महिने घरून काम करू दिलं. ती वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसे, नेटवर्क गेलं की गच्चीवर जाई, आणि भंडाऱ्याच्या दिवशी गाडीत सरांच्या बाजूला बसून काम करी. मग कंपनीचा निरोप आला की महिन्याच्या एक तारखेपासून कार्यालयात यावं, नाही तर राजीनामा द्यावा. तिने राजीनामा द्यायचं ठरवलं. एका रविवारी सरांनी मला घरी बोलावलं.

"भाऊ, तुम्ही लेखापाल आहात," सर म्हणाले. "ही नोकरी सोडून राहिली. हिला विचारा, याचा खर्च किती येते."

"खर्च कसला, बाबा? घरचंच तर काम आहे," प्रणाली म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. सर हसले नाहीत.

"वर्गात असती तर वही परत केली असती."

"वर्गात नाही ना मी."

"पगार गेला. दरवर्षीची वाढ गेली. दोन वर्षांनी परत जाशील तर लोक विचारतील, मधे काय करत होतीस? बापाच्या उशाशी बसली होतीस, हे कोणत्या कंपनीत चालते?"

"आणि भंडाऱ्याहून आल्यावर तुम्हाला उलट्या होतात तेव्हा आईनं एकटीनं काय करायचं? गाडीवाला थांबतो का?"

"त्याला जास्तीचे पैसे देऊ, थांबन."

"तुम्हाला काय वाटते ते सांगा ना. मी राहावं की जावं?"

"माझ्या वाटण्याचा इथं प्रश्न नाही," सर म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि म्हणाल्या, "दोघंही एकाच मापाचे. भाऊ, चहा घ्या, या दोघायचं संपत नाही." त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि त्या परत आत गेल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जे दिसलं ते सांगितलं, की आकड्यांनी पाहिलं तर सरांचं बरोबर आहे. प्रणाली त्या दिवशी मला पोचवायला फाटकापर्यंत आली नाही, एरवी येते.

त्याच आठवड्यात, मी टेबलावर असताना, भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला. "आज नवीन उदाहरण. एक मुलगी आहे. बाहेरगावी नोकरी करते. घरी वडील आजारी आहेत. कंपनी म्हणते, या किंवा सोडा. तिनं काय करावं ते कारणं देऊन, आकडे मांडून लिहा." मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

"सर, पगार किती?" एकाने विचारलं. सरांनी सांगितला. "बापरे," कोणी तरी म्हणालं. "सर, तिचं लग्न झालं काय?" नाही, सर म्हणाले. "मग सोपं आहे सर, तिकडंच एखादा पाहून टाका." वर्ग हसला, सरांचाही हसण्याचा आवाज आला. आजार कोणता, असं एका मुलीने विचारलं. "चालणारा," सर म्हणाले, "बरा होणारा नाही." मग वह्यांची पानं उलटण्याचा आवाज. आणि मग वैष्णवी बोलली. ती अड्याळहून एसटीने येते. रोवणीच्या दिवसांत तिचे तास बुडतात, म्हणून सर तिला कार्यालयातल्या माझ्या टेबलाशेजारी बसवून मागचं समजावून देत. त्यामुळे तिचा आवाज मला ओळखू येतो.

"सर, कालावधी दिलेला नाही."

"काय म्हणालीस?"

"कालावधी, सर. ते वडील किती... म्हंजे हे आजारपन किती दिवस चालनार ते दिलंच नाही. आधी कालावधी लिहा म्हनून तुमीच सांगता. नाही लिहिला त वही परत करसान."

"या वेळी नाही करणार," सर म्हणाले. आवाज त्यांनी नेहमीसारखाच ठेवला होता. "कालावधी माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मग एकदा थोडा धरून करा, एकदा जास्त धरून करा. सांग, थोडा असेल तर?"

"तर तिनं थांबावं, सर. नोकरीचं मंग पाहाता येईन."

"जास्त असेल तर?"

"तर जावं. नाही त दोघंही बसतीन."

"आणि माहीत नसेल तर?"

"मग त्या वडिलाले विचारावं लागन, सर. त्याले ती किती पायजे आहे ते."

"वडिलांचं सोडून दे," सर म्हणाले. "वडिलांच्या रकान्यात शून्य धर."

"शून्य कसं धरता येईन, सर?" वैष्णवी म्हणाली. "घरचं आहे म्हनून?"

या वेळी वर्ग हसला नाही. बाकीच्यांना हे कोणाचं उदाहरण आहे ते माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. सर म्हणाले, राहिलेलं घरून करून आणा, आणि तास वेळेआधी सोडला. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही.

थोड्या वेळाने ते माझ्या खोलीत आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. पाणी त्यांना मोजून प्यावं लागे, दोन घोट घेऊन पेला ठेवला. "ऐकलं ना?" म्हणाले. मी म्हटलं, ऐकलं. "पोट्टी बरोबर होती." मी विचारलं, मग? ते पेल्याकडे पाहत म्हणाले, "मग काय? त्या रकान्यात खरा आकडा लिहिला तर प्रणाली जात नाही. तेवढा मोठा आहे तो." पुढे म्हणाले, "इतकी वर्षं पोरांना घरचं शून्य लिहू दिलं नाही, भाऊ. आता मी जाणून खोटा आकडा लिहून राहिलो. तुम्ही लेखापाल आहात. याच्यावर सही करू नका. पण खोडूही नका."

मी सही केली नाही आणि खोडलंही नाही. एक तारखेच्या आधी प्रणाली गेली. सरांनी तिला शांतपणे पटवलं की त्यांची तब्येत स्थिर आहे, डॉक्टरही तसंच म्हणतात, आणि तिने नोकरी सोडली तर त्यांना झोप लागणार नाही. यातलं शेवटचं खोटं नव्हतं. ती गेल्यानंतर मी एकदोनदा त्यांच्यासोबत भंडाऱ्याला गेलो. येताना ते डोळे मिटून पडलेले असत. उलटीसाठी गाडी थांबवावी लागली तर थांबवून घेत आणि परत बसताना, "हिला सांगू नका," एवढंच म्हणत. हिला म्हणजे वहिनींना की मुलीला, मी विचारलं नाही.

तेरवीनंतर पाहुणे पांगले आणि घरात प्रणाली, वहिनी आणि मी असे तिघेच होतो. समोरच्या खोलीत सगळं जागच्या जागी ठेवून झालं होतं. प्रणाली म्हणाली की ती राजीनामा देणार आहे. आईला एकटं ठेवायचं नाही. नाही तर आईला पुण्याला न्यायचं. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा म्हणालात, बाबांचं बरोबर आहे. आताही म्हणता?"

मी तिला वर्गात काय झालं ते सांगितलं. नंतर सर माझ्या खोलीत येऊन काय बोलले तेही, त्यांच्याच शब्दांत, जमेल तेवढं नेमकं. सरांनी खोडू नका म्हटलं होतं. ते असेपर्यंत मी पाळलं. आता त्यांनी मनाई केली असती असं मला वाटत नाही, आणि केली असती तरी मी सांगितलंच असतं. आपण बापाला नको होतो असं धरून त्या मुलीनं पुढची वर्षं काढावी, हा हिशोब मला मान्य नव्हता.

"म्हणजे त्यांना मी हवी होते," ती म्हणाली.

"हो."

"किती?"

"आकडा सांगितला नाही. मोठा आहे, एवढंच म्हणाले."

ती उठून आत गेली. मोरीत नळ चालू झाल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ चालू राहिला. ती तोंड पुसत परत आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता मले विचार. मागच्या वक्ती कोनी विचारलं नाही."

प्रणाली त्यांच्याजवळ येऊन बसली.

"मले इथंच राहाचं आहे. पुन्याच्या त्या वरच्या माळ्यावर माझा जीव नाही लागत, खिडकीतून खाली मानूस ओळखू येत नाही. आन् तू नोकरी सोडून माझ्या समोर बसलेली बी मले नाही पायजे, मी तुले रोज पाहून रडन. पन मले तू पायजे. हे बी लिही. तुझ्या बाबासारखी मी माझ्या नावानं शून्य नाही लिहू देनार. महिन्यातून एकदा येत जा."

"दोनदा येईन," प्रणाली म्हणाली.

"दोनदा कायले? तिकीट फुकट भेटते काय?"

"आई."

"बरं. दोनदा."

तेवढ्यावर ठरलं. राजीनामा दिला गेला नाही. मला जर कोणी विचारलं की सरांनी मुलीला पाठवलं ते बरोबर की चूक, तर माझं उत्तर असं आहे की उत्तर कदाचित बरोबर होतं, पण रीत चुकली. खरा आकडा लिहून तिच्यासमोर ठेवायला हवा होता. ती थांबली असती, किंवा आईने आता सुचवला तसा काही मधला मार्ग निघाला असता. हीच वही एखाद्या विद्यार्थ्याची असती तर सरांनी ती परत दिली असती, याबद्दल मला शंका नाही. आणि तरीही मला त्यांचा राग येत नाही. ते शून्य लिहिणं त्यांना किती जड गेलं, ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं आहे.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी पेन्शनच्या कागदांवर वहिनींच्या सह्या घ्यायला गेलो होतो. त्याच वेळी प्रणालीचा फोन आला. सरांनी तिला पाठवल्यापासून ते रोज या वेळी फोन घेऊन बसत, असं वहिनींनी मला मागे सांगितलं होतं. जेवलीस का, तब्येत कशी, असं ते विचारत नसत. एकच प्रश्न असे, "आज कोणाचं कर्ज नाकारलं?" आणि मग बापलेकीचं त्यावर अर्धा अर्धा तास चाले. वहिनींनी फोन समोर टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे सह्या करता करता बोलता येईल, आणि विचारलं, "हं, आज कोनाचं कर्ज नाकारलं?"

"एका दूधवाल्याचं आहे समोर, आई. गोठा वाढवायला मागतो. नाकारावं लागेल बहुतेक."

"काहून बाई? गाई आहेत ना त्याच्याजवळ?"

"आहेत. पण सगळा नफा खोटा दाखवला. बायको आणि दोन पोरं राबतात त्याची, आणि मजुरी धरलीच नाही कुठं."

वहिनींनी पेन थांबवलं. मी त्यांना सहीची पुढची जागा बोटाने दाखवली, पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं.

"मग नाकारतेस कायले?" त्या म्हणाल्या. "त्याले म्हनाव, बायकोची धर, पोरायची धर, आन् परत घेऊन ये."

पलीकडून लॅपटॉपच्या बटणांचा आवाज आला.

"बरं," प्रणाली म्हणाली. "परत पाठवते."